कोयना पाहायची तर कराडहून निघा, चिपळूणला उतरा

कोयनानगरला येणारे बहुतेक जण नेहरू उद्यानात तासभर बसतात, लांबून धरण बघतात आणि आल्या वाटेने परत फिरतात. मीही दोनदा तसंच केलं होतं. या ऑक्टोबरात मात्र पाण्याच्या मागोमाग जायचं ठरवलं. कराडहून एसटीने साठेक किलोमीटरवर कोयनानगर, तिथे एक मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. तुम्हीही ह्याच दिशेने जा, कारण पाणी ह्याच दिशेने जातं.

कोयना महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीच्या दोन रांगांमधून दक्षिणेकडे धावते आणि हेळवाकला एकदम पूर्वेला वळून कराडला कृष्णेला मिळते. म्हणजे हे पाणी मुळात बंगालच्या उपसागराचं. पण त्याच वळणाजवळ पश्चिमेची रांग ओलांडली की खाली थेट कोकण. डोंगरातून बोगदा काढला तर पाण्याला सुमारे पावणेपाचशे मीटरची उतरंड मिळते. कोयनेचा सगळा वीजप्रकल्प ह्या एका गोष्टीवर उभा आहे. धरण पाणी अडवतं. मुख्य वीज होते ती डोंगरापलीकडे, पोफळीला खडकात कोरलेल्या वीजगृहात.

काम सुरू झालं 1954 साली, वीजनिर्मिती 1962 मध्ये. भिंत 103 मीटर उंच, 807 मीटर लांब. मागे 105 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाण्याचा शिवसागर जलाशय. सगळी वीजगृहं धरून आजची क्षमता 1960 मेगावॉट.

धरणाच्या भिंतीवर पर्यटकांना सोडत नाहीत, तेव्हा दुर्बीण जवळ ठेवा. उद्यानाच्या बाजूने भिंतीला टेकू दिल्यासारखे काँक्रीटचे जाड पुस्ते दिसतात, ते नीट न्याहाळा. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे इथे भूकंप झाला. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, कोयनानगर जमीनदोस्त झालं. भिंतीचा उतार जिथे बदलतो तिथे आडवे तडे गेले, पण धरण उभं राहिलं. पुस्ते त्यानंतरचे. स्टँडजवळ चहा देणाऱ्या मावशी तेव्हा सात-आठ वर्षांच्या होत्या. “आईनं आमाला अंगणात वडलं आन् उजाडंस्तवर घोंगडीत धरून बसली,” म्हणाल्या. बोलताना गाळणी हातातच राहिली, चहा उकळून वर आला. धरणात साठलेलं पाणी आणि भूकंप यांचा संबंध शोधणाऱ्या जगभरच्या शास्त्रज्ञांना कोयना ठाऊक आहे. त्यासाठीच जवळच्या गोठणे गावात तीन किलोमीटर खोल विवर खणलं गेलं.

शिवसागराखाली गेलेल्या गावांचं मात्र तिथे उभं राहून काहीच दिसत नाही. ती माणसं रायगड, ठाणे, सोलापूर अशी कुठे कुठे पांगली. पुनर्वसनासाठी त्यांनी अलीकडच्या वर्षांतही कोयनानगरला आंदोलनं केली आहेत. मुक्कामात ह्या विषयावर कुणी बोलायला लागलं तर घाई करू नका, ऐकून घ्या.

मला सगळ्यात थक्क करते ती वीजप्रकल्पाच्या चौथ्या टप्प्याची गोष्ट. भरलेल्या जलाशयाला नवीन तोंड पाडायचं होतं, पण तलाव रिकामा करणं शक्य नव्हतं. मग तळाखालून बोगदा खोदत नेला, शेवटी खडकाचा एक थर शिल्लक ठेवला आणि 13 मार्च 1999 ला तो स्फोटाने उडवला. पाणी आपणहून बोगद्यात शिरलं. हेच ‘लेक टॅपिंग’. 2012 च्या एप्रिलमध्ये ते पुन्हा एकदा केलं.

घाट उतरताना गाडीत डावी-उजवी बघत बसू नका, एखाद्या वळणावर सुरक्षित जागा पाहून उतराच. आपण जेवढं खाली आलो, जवळपास तेवढ्याच उंचीवरून पाणीही डोंगराच्या आतून उतरतंय, हे तिथे अंगावर येतं. पोफळीच्या वीजगृहात परवानगीशिवाय प्रवेश नाही. ग्रुप असेल तर आधीच पत्रव्यवहार करा, फाटकावर जाऊन विनवण्या करण्यात अर्थ नाही. पोफळीचं पाणी पुढे कोळकेवाडीच्या धरणात अडवून अलोऱ्याला त्यावर आणखी एकदा वीज काढतात, मग ते वाशिष्ठीत जातं.

जुलै-ऑगस्टात दरवाजे उघडलेले बघायचा मोह होतो, पण धुकं असेल तर भिंतसुद्धा दिसत नाही आणि घाटात दरडी येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. घाट दिवसाउजेडी उतरा. चिपळूणकडे नदीत पाय बुडवायचे असतील तर आधी गावातल्या कुणाला तरी विचारा. वर मशीन सुरू झाली की पाणी वाढतं.