सर्व्हर अपडेट: नेमकं कुठलं जावा चालतंय ते कसं बघायचं

मंडळी, माइनक्राफ्ट सर्व्हरचं काम परत पुढं सरकलं. इतके दिवस तो डेबियन 12 ह्या लिनक्सवर होता, तिथं पॅकेजमधनं ओपनजेडीके 17 म्हणजे जावा 17 येतं, आणि खानापूर-निपाणीकडच्या भाचेमंडळींना गेम नवीनच पाहिजे, 1.20.5 पासून पुढं तर निदान जावा 21 लागतंय. सुरू केलं की एकच रडगाणं, क्लास फाइल (म्हणजे तयार जावा प्रोग्राम) 65.0 ची आहे आणि हे जावा 61.0 पर्यंतच ओळखतं. ह्या आकड्यांतनं 44 वजा करा, जावाचं व्हर्जन हातात. वर भाच्याचा फोन, "मामा, सर्व्हर काय करुलालाय ओ?"

टिळकवाडीच्या घरात जुना डेस्कटॉप पडून होता, त्याच्यावर फ्रीबीएसडी (लिनक्ससारखीच एक ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलं आणि जावा 17, 21 दोन्ही बसवले. डेबियनवर सोपं असतंय, 'विच जावा' विचारायचं, मग 'रीडलिंक -एफ' लावलं की अल्टरनेटिव्ह्जमधनं (डेबियनच्या मधल्या लिंकांमधनं) फिरून शेवटी /यूएसआर/लिब/जेव्हीएम मधला खरा पत्ता मिळतो. फ्रीबीएसडीवर तेच केलं तर उत्तर आलं 'जावाव्हीएम'. फाइल उघडून बघितली तर चक्क शेल स्क्रिप्ट, नुसत्या कमांडांची फाइल की ओ! जावा हाक मारली की आधी ती 'ओ' देते, जावा_होम (जावाच्या फोल्डरचा पत्ता ठेवणारं व्हेरिएबल) सेट असेल तर तिकडं जाते, नाहीतर जावा_व्हर्जन हे व्हेरिएबल बघते आणि /यूएसआर/लोकल/ईटीसी/जावाव्हीएम्स मधल्या यादीतनं एक निवडते. म्हणजे प्रोफाइलमध्ये (लॉगिन केल्यावर वाचली जाते त्या फाइलमध्ये) कधीकाळचं जावा_होम पडून असलं तर तुम्ही व्हर्जन 21 म्हणून कितीबी ओरडा, चालणार जुनंच.

म्हणून आता शेलला विचारत बसत नाही, डायरेक्ट जावालाच विचारतो: 'जावा -एक्सशोसेटिंग्ज:प्रॉपर्टीज -व्हर्जन'. लई काय काय छापतं, त्यातली जावा.होमची ओळ तेवढी बघायची. माझ्याकडं /यूएसआर/लोकल/ओपनजेडीके21 आलं, बास. डेबियनवर, मॅकवर पण हेच चालतं. मॅकवाल्यांना '/यूएसआर/लिबएक्झेक/जावा_होम -व्ही' ची सोय आहे, त्यात मोठा व्ही दिला की सगळी यादी आणि लहान व्ही देऊन 21 लिहिलं की तेवढाच पत्ता, हे मला सगळ्यात आवडलेलं.

सर्व्हरच्या स्क्रिप्टमध्ये मात्र पूर्ण पत्ताच लिहिलाय, /बिन/जावापर्यंत. सर्व्हर आपोआप सुरू करणाऱ्या क्रॉनला आपल्या प्रोफाइलचं काही घेणंदेणं नसतंय, आणि इथं पावसाळ्यात लाईट जाऊन येऊन असती, प्रत्येक वेळी मशीन स्वतःहून उठली पाहिजे. काल रात्री दोनदा लाईट गेली, दोन्ही वेळा सर्व्हर आपोआप वर आला.

आता 1.12.2 च्या मॉडपॅकसाठी जावा 8 पण बसवायचंय. त्यात एक गंमत आहे, जावा.होम जेआरई (नुसतं जावा चालवायचा भाग) फोल्डरचा पत्ता देतं आणि कंपाइलर त्याच्या एक पायरी वर असतो, तेव्हा जावा_होम भरताना मागचं जेआरई कापायला लागतंय. जावा 9 पासून ते फोल्डरच गेलं. कोणी फ्रीबीएसडीवर तिन्ही एकत्र चालवत असाल तर सांगा, जावाव्हीएम्सच्या यादीत क्रम कसा ठेवलाय?