रतीब, खाडा आणि आमचं ॲप

अण्णांनी पुण्यात सिंहगड रस्त्यावर दुधाचा रतीब घालायला सुरुवात केली तेव्हा सायकल, दोन किटल्या आणि एक लांबट वही एवढंच भांडवल होतं. पुढे किटल्या जाऊन पिशव्या आल्या, सायकलऐवजी क्रेट लावलेल्या स्कूटर आल्या. वही मात्र तीच. धंदा माझ्या हाती आला तेव्हा प्रत्येक लाइनची, म्हणजे दूध टाकायच्या एकेका फेरीची, वेगळी वही होती आणि महिनाअखेरीला सगळं घर त्या वह्या पसरून बिलं करत बसायचं.

रोजचं एक लिटर, गुणिले तीस, इतका हा हिशेब सरळ नसतो. खरा गुंता खाड्याचा, म्हणजे दूध न घेतलेल्या दिवसांचा. मे महिन्यात आणि दिवाळीत माणसं गावाला जातात. कोजागरीला प्रत्येकाला जास्तीचं दूध हवं असतं. कोणाकडे नातवंडं आली की गायीचं बंद होऊन म्हशीचं सुरू होतं. त्यात महिन्याच्या मध्यावर दर वाढला की एका बिलाचे दोन तुकडे. खाडा लिहायचा राहिला तर वाद पन्नास-साठ रुपयांचाच होतो, पण त्या घराशी वर्षानुवर्षं जपलेला विश्वास पणाला लागतो.

2016 साली यूपीआय आलं, त्याच वर्षी जिओ आलं आणि नोव्हेंबरात नोटाबंदी झाली. बघता बघता आमच्या लाइनवरच्या सगळ्या पोरांच्या हातात स्मार्टफोन दिसू लागले. 2019 मध्ये आम्ही या हिशेबासाठी ॲप करून घ्यायचं ठरवलं. ॲप बनवणारे जे कोणी भेटले, त्यांनी ग्राहकांसाठी फोनवरचे चकचकीत पडदे (स्क्रीन) दाखवले: पनीर, तूप, सवलती, रंगीत चित्रं. माझं म्हणणं एकच होतं, आधी दूध टाकणाऱ्या मुलाचा पडदा करा. पहाटे साडेचारला त्याच्या एका हातात पिशव्या असतात, दुसऱ्या हाताची बोटं ओली असतात, आणि सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये रेंज नसते. त्याला जे जमेल तेच ॲप आमच्या धंद्यात टिकणार होतं.

आमच्याच भागातल्या दोन तरुण इंजिनिअरांना हे पटलं. ते पहाटे लाइनवर आले, क्रेट उचलले, जिने चढले. त्यांनी पाहिलं की मुलं लिफ्टने वरच्या मजल्यावर जातात आणि दूध ठेवत खाली येतात. म्हणून यादीही वरून खाली लावली. आकडे मोठे आणि मराठी. सगळ्यात मोलाची सूचना लाइनवरच्या एका मुलाची होती: प्रत्येक घराला 'दिलं' असं दाबायला लावू नका, सगळ्यांना दिलं असंच धरा, फरक असेल तेवढाच आम्ही नोंदवू. त्यामुळे पूर्ण लाइनवर फोनला मोजक्याच वेळा हात लावावा लागतो. नोंद आधी फोनमध्येच साठते आणि रेंज आली की आपोआप पुढे जाते. ग्राहकाला खाडा कळवायला रात्री नऊपर्यंतची मुदत ठेवली, कारण त्यानंतर आम्हाला डेपोला मागणी द्यावी लागते. ग्राहकाची आणि मुलाची नोंद जुळली नाही तर दोन्ही नोंदी वेळेसकट ग्राहकाला दिसतात.

ॲप फ्लटर या ॲप बनवायच्या साधनात केलं, त्यामुळे अँड्रॉइड आणि आयफोनसाठी एकच काम पुरलं. गूगल प्लेचं खातं उघडायला एकदाच 25 डॉलर लागतात, ॲपलला दरवर्षी 99. दुधासारख्या प्रत्यक्ष वस्तूच्या पैशांवर या दोघांना दलाली द्यावी लागत नाही, यूपीआयने पैसे सरळ आपल्या खात्यात येतात. ॲप करून घेणाऱ्या प्रत्येक लहान व्यावसायिकाला मी आवर्जून सांगतो: प्लेचं खातं आणि सोर्स कोड (ॲपचा मूळ लिहिलेला प्रोग्रॅम) आपल्याच नावावर ठेवा, आणि दरवर्षीच्या देखभालीचं लेखी ठरवून घ्या. अँड्रॉइडची नवी आवृत्ती आली की ॲपही त्यानुसार सुधारावं लागतं, नाहीतर पुढचे बदल प्लेवर चढवताच येत नाहीत.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि सोसायट्यांनी मुलांना फाटकावरच थांबवलं. दूध अत्यावश्यक, पण दारापर्यंत जाता येईना आणि रोख रकमेला कोणी हात लावेना. ॲपमधून इमारतवार याद्या काढल्या, फ्लॅटप्रमाणे पिशव्या बांधून फाटकावर ठेवल्या, बिलं क्यूआर कोडसह व्हॉट्सॲपवर पाठवली. तेव्हापासून घरात महिनाअखेरीच्या वह्या पसरल्या गेल्या नाहीत.

तरीही ॲप घ्याच, असं आम्ही कोणाला म्हणत नाही. अनेक आजी-आजोबा आजही फोन करून 'उद्या नको रे' एवढंच सांगतात. माझी बायको त्यांचा खाडा स्वतः ॲपमध्ये टाकते. त्यांना ते सोयीचं आहे आणि त्यांच्यामुळेच अण्णांचा धंदा उभा राहिला.

आणखी एका गोष्टीसाठी मी अडून बसलो. खाड्यांची यादी म्हणजे कोणतं घर बंद आहे याची यादी. ती चुकीच्या हाती पडता कामा नये. म्हणून प्रत्येक मुलाला फक्त त्याची लाइन दिसते, तीही त्याच दिवसाची, आणि यादी फोनमधून बाहेर पाठवता येत नाही. शेजारच्या भागातले दोन रतीबवाले आता हेच ॲप वापरतात. त्यांच्या ग्राहकांचे पत्ते आम्हालाही दिसणार नाहीत अशी सोय आधी करून घेतली आणि मगच त्यांना ते दिलं.