तुरुंग न सापडलेलं गाव

रशियाच्या पूर्व टोकाला, व्हानिनोच्या बंदरात साखालिन बेटाकडे जाणाऱ्या फेरीबोटीची वाट बघण्याचा तो दुसरा दिवस होता. "कधी सुटणार?" असं विचारलं की खिडकीतल्या बाई नुसते खांदे उडवायच्या. पक्कं वेळापत्रक असं नाहीच. आधी रेल्वेचे मालडबे बोटीच्या पोटात जाणार, मग समुद्राची मर्जी, आणि उरल्या जागेत आपण. खाबारोव्स्कपासून इथवर जवळजवळ एक दिवस-रात्र रेल्वेत काढली होती, अंग आंबून गेलं होतं. पण कुरकुर करायची सोय नव्हती. पिशवीत रशियन लेखक चेकॉव्हचं साखालिनवरचं पुस्तक होतं ना!

हा माणूस १८९०च्या एप्रिलमध्ये मॉस्कोहून निघाला तो जुलैत साखालिनला पोचला. वय तीस, थुंकीतून रक्त पडायचं, आदल्याच वर्षी भाऊ क्षयानं गेलेला. त्यूमेनपर्यंत आगगाडी आणि आगबोट मिळाली, पुढे बैकालपर्यंत घोड्यांची गाडी, बिनस्प्रिंगची. सायबेरियाच्या रेल्वेचं काम सुरू झालं १८९१मध्ये, म्हणजे तो परत आल्यावर. नद्यांना पूर, रस्ता म्हणजे चिखल, आणि एका पहाटे समोरून टपालाची तीन घोड्यांची गाडी येऊन आदळली, तेव्हा हा सामानासकट जमिनीवर. स्वतः डॉक्टर असून या प्रकृतीत निघायचं म्हणजे मला तरी शुद्ध वेडेपणा वाटतो. कुणी पाठवलं नव्हतं, तिकीटही स्वतःच्या पैशाचं. कैद्यांची वसाहत बघायची होती, बस्स.

फेरी अखेर रात्री सुटली. दुसऱ्या दिवशी खोल्म्स्क, तिथून युज्नो-साखालिन्स्क. बेटाचा हा दक्षिण भाग १९०५ ते १९४५ जपानकडे होता. त्यांनी घातलेले अरुंद रूळ मी गेलो तेव्हा, २०१८मध्ये, अजून वापरात होते. रात्रभर डबा पाळण्यासारखा हलत होता. सकाळी तिमोव्स्क, मग मिनीबसनं घाट. घाट म्हणजे आपल्यासारखा, फक्त करवंदीऐवजी फर आणि बर्च. उतरलं की समुद्र, आणि समुद्राला टेकलेलं अलेक्झांद्रोव्स्क.

आता माझी गंमत. मी मराठी माणूस. काळं पाणी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे अंदमानचं सेल्युलर जेल येतं : ओळीनं कोठड्या, मधला मनोरा, दाराचा तो भिंतीत खोल गेलेला अडसर. तिथे जाऊन मी मान खाली घालून उभा राहिलो आहे. इथेही तसंच काहीतरी असेल असं धरून पहिला अख्खा दिवस मी तुरुंग शोधत हिंडलो. चाळींसारख्या इमारती, कोळशाचा धूर, बटाट्याचे वाफे. तुरुंग नाही! चेकॉव्हच्या वेळी लाकडी तुरुंग होते. पायात बेड्या घातलेले, काही तर ढकलगाडीला साखळीनं जखडलेले कैदी त्यानं पाहिले. पण बेटाची खरी रीत वेगळी. सक्तमजुरी संपली की माणसाला जमिनीचा तुकडा देऊन "आता इथेच घर कर" म्हणायचं. भिंतीचं काम समुद्र करणार. त्यामुळे बघायला उरलेलं काही नाही. ही सक्तमजुरीची वसाहत १९०६मध्ये मोडीत निघाली. सेल्युलर जेल बांधून पूर्ण झालं त्याच साली.

तुरुंग सापडला तो दुसऱ्या दिवशी, काचेखाली. चेकॉव्हच्या नावाच्या छोट्या संग्रहालयात त्याच्या शिरगणतीच्या कार्डाची नक्कल होती. पोस्टकार्डाहून फार मोठी नाही. गावाचं नाव, घराचा नंबर, दर्जा काय (कैदी, वसवलेला, की स्वतंत्र), वय, धर्म, जन्म कुठे, बेटावर कोणत्या साली आला, लिहिता-वाचता येतं का, लग्न झालंय का. बाईचं कार्ड असेल तर लाल पेन्सिलीची एक उभी रेघ. तीन महिन्यांत त्यानं अशी हजारो कार्डं भरली, झोपडी-झोपडी फिरून. आकड्यांत तशी फार गोडी नव्हती त्याला. कार्ड हातात असलं की दार उघडतं आणि माणूस बोलतो, हे त्याला ठाऊक होतं.

आणि काय बोलायचे! वरच्या आर्मुदानमध्ये, मी आलो त्या घाटवाटेवरच्या वस्तीत, दहा वर्षांचा एक पोरगा घरात एकटा होता. त्याला बापाचं नाव विचारलं. माहीत नाही. म्हणजे काय, बापासोबत राहतोस ना? तो खरा बाप नव्हे, आईसोबत राहतो. मग आई विधवा? हो, नवऱ्यापायीच इथे आली. पायी म्हणजे? तिनं ठार मारलं त्याला. पोरानं हे सगळं शाळेतला पाढा म्हणावा तसं सांगितलं. कार्डाच्या कोणत्या ओळीत हे लिहायचं? कित्येक कैद्यांचं तर आडनावच 'नेपोम्न्याश्ची' म्हणून नोंदलेलं, म्हणजे 'न आठवणारा'. खरी ओळख लपवायला पोलिसांपुढे तेच सांगायचे, तेच पुढे चिकटलं.

संध्याकाळी झोंकियेर भूशिराखालच्या बोगद्यातून गेलो. कैद्यांनी खणलेला. इंजिनियरला न विचारता खणत सुटले, म्हणून वाकडा झाला, असं चेकॉव्ह लिहितो. मोबाईलच्या उजेडात भिंतीवरचे घाव दिसतात, बोट घातलं तर पेर आत जातं. पलीकडे समुद्रात तीन सुळके, त्यांना 'तीन भाऊ' म्हणतात. ओहोटी होती. एक आजोबा बादलीत समुद्री शेवाळ गोळा करत होते.

निघायच्या आधी पुन्हा संग्रहालयात डोकावलो. तिथल्या आजींना मी भारतातला म्हटल्यावर आठवलं ते चेकॉव्हचं मुंगूस! परतताना तो हाँगकाँग, सिंगापूर करत सिलोनला थांबला आणि तिथून मुंगसं घेऊन घरी आला. "मांगूस्त," आजी म्हणाल्या. मी फोनवर टाईप करून सांगितलं की हा शब्द पोर्तुगीज-फ्रेंच करत तुमच्याकडे पोचला, पण मुळात आमचा आहे, मराठी. त्यांनी चष्मा वर केला, अभिप्रायाची वही पुढे सरकवली आणि म्हणाल्या, लिहा. मी 'मुंगूस' लिहिलं. त्यांनी त्याखाली रशियनमध्ये तारीख घातली.