सूचना पेटीतल्या १८७ चिठ्ठ्या : माझा अनुभव

सूचना पेटीची किल्ली कुणाकडे आहे, हे कंपनीत कुणालाच सांगता येईना. एचआरवाले म्हणाले अ‍ॅडमिनकडे, अ‍ॅडमिनवाले म्हणाले सिक्युरिटीकडे. शेवटी मेंटेनन्सच्या मुलाने ग्राइंडरने कुलूप कापलं. कँटीनच्या दाराशी टांगलेल्या त्या निळ्या पत्र्याच्या पेटीतून १८७ चिठ्ठ्या निघाल्या. सगळ्यात जुन्या चिठ्ठीवर नऊ वर्षांपूर्वीची तारीख होती.

माझ्याकडे ‘इनोव्हेशन’चं काम येऊन तेव्हा सात महिने झाले होते. चाकणला आमचा गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना आहे, प्रेस शॉप आणि वेल्ड शॉप. मी प्रोसेस इंजिनिअर. प्लँट हेडनी एका सकाळी बोलावून सांगितलं, “लोकांकडून नव्या कल्पना यायला हव्यात. तुम्ही बघा.” बजेट नव्हतं, माणूस नव्हता, पण मला मनापासून आनंद झाला होता. शॉपफ्लोअरवर किती हुशारी वाया जाते, हे मी रोज पाहत होते.

सुरुवात मी पुस्तकी केली. कॅनडातल्या रॉबर्ट कूपर या प्राध्यापकांनी मांडलेली स्टेज-गेट पद्धत वाचली. कल्पना एकेका टप्प्यातून पुढे न्यायची आणि प्रत्येक टप्प्यानंतर एक फाटक. तिथे बसून ठरवायचं की आणखी पैसे घालायचे की इथेच थांबायचं. नवं उत्पादन बाजारात आणायचं असेल तर ही पद्धत उत्तम आहे, आजही मी ती आमच्या डिझाइन विभागासाठी वापरते. पण मी ती जशीच्या तशी उचलून प्रेसवर उभ्या असलेल्या माणसासाठी लावली. पाच फाटकं, अकरा रकान्यांचा फॉर्म आणि तो भरायला मोबाइल अ‍ॅप.

आमच्याकडे शिफ्टला जाताना मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. कंत्राटी कामगारांना एम्प्लॉयी नंबर नसतो, त्यामुळे त्यांना अ‍ॅपमध्ये लॉगिनच करता येत नव्हतं. या दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या आणि तरीही अ‍ॅप बनवताना सुचल्या नाहीत. पहिल्या महिन्यात १४० कल्पना आल्या, बहुतेक ऑफिसमधून. समिती महिन्यातून एकदा बसायची, त्यातही दोघं गैरहजर. तिसऱ्या महिन्यात नऊ आल्या. मी पोस्टर लावली, बक्षिसाची रक्कम वाढवली. पुढच्या महिन्यात सहा.

मग ती पेटी उघडली.

मी आणि क्वालिटीतली एक सहकारी, आम्ही दोन संध्याकाळी बसून सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला, चेकशीटच्या कोऱ्या भागावर, एक तर विड्याच्या पाकिटावर लिहिलेली. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या चहा, सेफ्टी शूज आणि पंख्यांबद्दल होत्या. त्या मी ‘तक्रारी’ म्हणून बाजूला सारत होते. सहकारी म्हणाली, “थांब. ज्याचा बूट चावतोय तो तुला मशीनबद्दल कशाला सांगेल? आधी बुटाचं काहीतरी झालेलं दिसू दे त्याला.” तिचं म्हणणं किती बरोबर होतं ते पुढे कळलं.

एका चिठ्ठीत ट्रॉलीच्या चाकांबद्दल लिहिलं होतं. पत्र्याची कापणं घेऊन जाणाऱ्या ट्रॉलीची पुढची दोन्ही चाकं फिरती ठेवली तर वळणावर ती घसरते. मागची फिरती करा आणि पुढची स्थिर ठेवा, असं पेन्सिलने चित्र काढून दाखवलं होतं. हाच बदल बाहेरून आलेल्या सल्लागाराने दोन वर्षांपूर्वी सुचवला होता आणि आम्ही तो केलाही होता. चिठ्ठी त्याच्या चार वर्षं आधीची. लिहिणारे काका तोवर निवृत्त होऊन खेडजवळच्या गावी राहायला गेले होते. मी त्यांच्या घरी गेले, चिठ्ठी दाखवली, झालेला बदल सांगितला आणि उशिराबद्दल माफी मागितली. त्यांनी चष्मा लावून चिठ्ठीवरची तारीख वाचली आणि ती मुलाच्या हातात दिली. मला म्हणाले, “मॅडम, मला वाटलं होतं, माझं चुकलंच असणार. म्हणून कुणी बोललं नाही.”

त्या एका वाक्यामुळे मी सगळी पद्धत मोडून परत उभी केली. कल्पना गोळा करणं हे माझं काम नव्हतंच, कल्पना भरपूर होत्या. माझं काम होतं उत्तर देणं.

नवी पद्धत कागदाची ठेवली. प्रत्येक लाइनच्या टोकाला बोर्ड, बोर्डावर चिठ्ठी उघडी लावायची, खाली नाव आणि तारीख. पंधरा दिवसांत तिथेच लेखी उत्तर. उत्तरं तीनच: करतोय, करून बघतोय, करत नाही. ‘करत नाही’च्या खाली कारण लिहायचं आणि कारण लिहिणाऱ्याने सही करायची. ‘विचाराधीन’ हा शब्द बंद. पाच हजार रुपयांपर्यंतचा खर्च सुपरवायझरने कुणाला न विचारता करायचा. हे शेवटचं मंजूर करून घ्यायला मला सगळ्यात जास्त भांडावं लागलं. टोयोटाने १९५१ मध्ये कामगारांच्या सूचनांची पद्धत सुरू केली, तिथेही मोठा भर लहान लहान सुधारणांवर आहे, हे मी तीन वेगवेगळ्या मीटिंगमध्ये सांगितलं. अकाउंट्सचा आक्षेप एवढाच होता की पैसे उधळले जातील. वर्षाअखेरीस मी बेरीज दाखवली तेव्हा तो मावळला. सुपरवायझर स्वतःच्या खिशातून द्यावेत तितक्या काटकसरीने खर्च करत होते.

जुन्या १८७ चिठ्ठ्यांनाही उत्तरं दिली. त्याला अडीच महिने लागले.

आता ज्या एका कल्पनेने मला सगळ्यात जास्त शिकवलं, तिच्याबद्दल.

वेल्ड शॉपमध्ये एका ब्रॅकेटला चार नट बसतात. खालच्या इलेक्ट्रोडच्या पिनवर पत्रा ठेवायचा, त्यावर नट, पेडल दाबलं की हेड खाली येतं, करंट जातो आणि नट पत्र्याला चिकटतो. दिवसाला हजारो नट. कधीतरी एखादा राहतो आणि तो पार्ट कस्टमरच्या लाइनवर पोचला की गाडी अडते. त्यासाठी आम्ही दोन मुली तपासणीला बसवल्या होत्या. त्या प्रत्येक नटवर मार्करने पिवळा ठिपका द्यायच्या. तरीही वर्षाला तीन-चार तक्रारी यायच्याच.

तिथल्या एका ऑपरेटर मामांनी चिठ्ठी लिहिली: ‘नट नसला की आवाज वेगळा येतो.’ एवढंच. सुपरवायझरने माझ्याकडे पाठवली. मी मशीनशी जाऊन उभी राहिले. मामांनी मुद्दाम नट न ठेवता पेडल मारलं. मला फरक कळला नाही. त्यांनी पाच वेळा मारून दाखवलं, तेव्हा कळला. नट असतो तेव्हा टक, नसतो तेव्हा ठक्क. एम-८ चा तो नट साडेसहा मिलिमीटर उंचीचा असतो. तो नसला की हेड तेवढं जास्त खाली उतरतं. मामा बावीस वर्षं तो फरक कानाने ऐकत होते. हेडच्या बाजूला एक प्रॉक्सिमिटी सेन्सर, म्हणजे धातू जवळ आला की न शिवता ओळखणारा सेन्सर, बसवला तर मशीनलाही तो ऐकू येईल, हे आमचं ठरलं.

ट्रायलला सेन्सर व्यवस्थित चालला आणि तरी एक पार्ट तीन नट घेऊन पुढे गेला. त्या पार्टला चौथ्या भोकाशी पेडलच मारलं गेलं नव्हतं. हेड खाली आलंच नाही तर सेन्सर काय सांगणार? मी निराश झाले होते, मामा झाले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुठ्ठ्याचा एक उतार करून आणला. पार्ट बिनमध्ये जातो त्या उतारावर एक फाटक ठेवायचं आणि चार बरोबर ठोके मोजल्याशिवाय ते उघडायचं नाही. सेन्सर, काउंटर आणि एक छोटा न्यूमॅटिक सिलिंडर मिळून खर्च अठरा हजार. ‘करून बघतोय’ हे उत्तर मला इतकं प्रिय का आहे, ते इथे कळावं. पहिला प्रयोग फसला नसता तर खरी कल्पना आलीच नसती.

खर्च पाच हजारांच्या वर, म्हणून फायनान्सकडे गेलो. एका वर्षात पैसे वसूल होतात का, हा त्यांचा नियम. हिशोबात बचत एकच दिसत होती, तपासणीवरच्या दोन मुली. फाइलवर तसं लिहिलं गेलं आणि ते शॉपवर पोचलं. संध्याकाळी मामा माझ्या टेबलाशी उभे. “मॅडम, माझी चिठ्ठी परत द्या.” दोघींपैकी एक त्यांच्याच गावची होती.

मी चिठ्ठी परत दिली. देणं भाग होतं, ती त्यांचीच होती. मग प्लँट हेडकडे गेले आणि कंपनीच्या लेटरहेडवर एक वाक्य मागितलं: कुठल्याही सूचनेमुळे कायम किंवा कंत्राटी, कुणाही व्यक्तीचं काम जाणार नाही, मोकळ्या झालेल्या व्यक्तीला दुसऱ्या कामाचं प्रशिक्षण दिलं जाईल. ‘कंत्राटी’ हा शब्द राहावा म्हणून सहा आठवडे गेले. मशीनच्या कामाला एवढा वेळ लागला नव्हता. पत्र सही होऊन बोर्डावर लागलं, तेव्हा मामांनी तीच चिठ्ठी, घडी पडलेली, परत आणून लावली. माझ्या मते कंपनीतल्या नावीन्याचा पाया हे पत्र आहे, बाकी सगळं त्यावरचं बांधकाम. जो माणूस आपल्या कल्पनेने शेजाऱ्याची भाकरी जाईल म्हणून घाबरतो, तो गप्प बसतो आणि त्याचं गप्प बसणं योग्यच असतं.

एका वर्षात वसुलीच्या नियमाबद्दल मला अजून राग आहे. मीटिंगमध्ये थ्री-एम या अमेरिकी कंपनीच्या पोस्ट-इटचं, म्हणजे चिकटवून पुन्हा काढता येणाऱ्या चिठ्ठ्यांचं, उदाहरण सगळे देतात. तो हलका चिकटणारा गोंद सापडला १९६८ मध्ये, त्याचा कागदासाठी उपयोग सुचला १९७४ मध्ये आणि अमेरिकाभर विक्री सुरू झाली १९८० मध्ये. बारा वर्षं. आमच्या फॉर्मवर तो गोंद पहिल्याच फाटकाशी मेला असता.

पुढे कस्टमरची मंजुरी. आमच्या धंद्यात मशीन, माणूस, माल किंवा पद्धत यांतलं काहीही बदललं तर कस्टमरला कळवावं लागतं. पीएफएमईए (कामात कुठे काय चुकू शकतं याची यादी) आणि कंट्रोल प्लॅन (काय, कसं तपासायचं याचा आराखडा) बदलले, ट्रायल लॉट पाठवला आणि चार महिने वाट पाहिली. त्या काळात दर पंधरा दिवसांनी मी बोर्डावर नवी तारीख घालून लिहायचे: कस्टमरच्या उत्तराची वाट पाहतोय, शेवटचा फोन अमुक दिवशी केला. मामांनी एकदाही विचारलं नाही, कारण विचारावं लागत नव्हतं. आता त्या मशीनवर पितळी पट्टी आहे, त्यावर त्यांचं पूर्ण नाव. पुढे त्यांनी हीच गोष्ट क्वालिटी सर्कलच्या, म्हणजे कामातल्या अडचणी मिळून सोडवणाऱ्या कामगारांच्या गटांच्या, स्पर्धेत स्वतः मराठीतून मांडली, पुठ्ठ्याचा तो उतार हातात धरून.

एक चूक मात्र भरून निघाली नाही. टूलरूममधल्या एका मुलाने डाय (पत्र्याला आकार देणारा प्रेसमधला साचा) लवकर बदलण्यासाठी फार सुंदर क्लॅम्प बनवला. मी उत्साहाने त्याचा व्हिडिओ कंपनीच्या पानावर टाकायला लावला. तीन महिन्यांनी पेटंट एजंटकडे गेलो, तर त्यांचा पहिला प्रश्न, “आधी कुठे उघड दाखवलंय का?” आपल्याकडे अर्जाआधी वस्तू जाहीर झाली की काही मोजके अपवाद सोडता तिचं नवेपण संपतं. आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज केला असता तर पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळाले असते. अर्ज कंपनीच्या नावाने झाला असता, पण शोधक म्हणून त्या मुलाचं नाव लागलं असतं, कारण शोधक माणूसच असू शकतो, कंपनी नाही. पेटंट मिळालंच असतं असं मी म्हणत नाही. पण मागण्याची संधी माझ्यामुळे गेली. आता चिठ्ठीच्या खाली एक ओळ छापलेली असते: ‘बाहेर दाखवण्याआधी विचारलं का?’

तपासणीवरच्या दोघींपैकी एक आता लेआउट इन्स्पेक्शनला, म्हणजे ड्रॉइंगप्रमाणे पार्टची सगळी मापं तपासायला आहे, दुसरी, मामांच्या गावची, रोबो सेलवर पार्ट लोड करते. तिची चिठ्ठी सध्या बोर्डावर आहे. क्लॅम्पचं हँडल उजव्या बाजूला आहे, ती डावखुरी आहे आणि दर पार्टला तिला आडवा हात घालावा लागतो. हँडल दोन्हीकडून लावता येईल असं करा, असं तिने लिहिलंय आणि ट्रॉलीवाल्या काकांसारखंच चित्र काढलंय. टूलरूम म्हणतं जमेल, सेफ्टीवाल्यांना लाइट कर्टन (हात आत गेला की मशीन थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) किती सरकवावा लागेल ते मोजायचंय. पंधरा दिवस गुरुवारी संपतात. उद्या सकाळच्या शिफ्टला मी टेप घेऊन तिथे जाणार आहे.