रिकामा हौदा

आमच्या सोसायटीच्या गेटला दोन वाटा आहेत. डावीकडून रहिवाशांच्या गाड्या जातात, उजवीकडून टेम्पो, पाण्याचे टँकर आणि सिलिंडरवाले. पिकअप ट्रक घरी आणला त्या संध्याकाळी नव्या वॉचमनने हात करून मला उजवीकडे घेतलं, वही पुढे केली आणि विचारलं, "कोणाकडे माल आणलाय?" म्हटलं, बाबा रे, मी इथेच राहतो, अकराव्या मजल्यावर. त्याने शेजारी बसलेल्या बायकोकडे पाहिलं, मागच्या उघड्या हौद्याकडे पाहिलं आणि नरमाईने म्हणाला, "शिफ्टिंग असेल तर सेक्रेटरींची चिठ्ठी लागेल."

बायको काही बोलली नाही. लिफ्टमध्येही बोलली नाही. दाराचं कुलूप काढताना तेवढं म्हणाली, "याच किमतीत सात जणांची गाडी येत होती."

तिचं खरं होतं. पण लहानपणापासून जीप दिसली की मागे वळून बघणाऱ्यांतला मी. त्यात चार दारं, फोर-बाय-फोर म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद, आणि मागे हौदा, असं त्रांगडं घरगुती गाडी म्हणून विकत मिळतं हे कळल्यावर झोप उडाली होती. आपल्याकडे या जातीची पैदास कमीच. महिंद्राची स्कॉर्पिओ गेटअवे होती, टाटांची झेनॉन होती; २०१६ मध्ये इसुझूची व्ही-क्रॉस आली, २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स. माझी यांतली कोणती, हे सांगत नाही. पुढे तक्रारी येणार आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याचशांत चूक माझीच निघाली. जुनी घेतली, एवढंच सांगतो. नवी परवडणारी नव्हती आणि जुनीही परवडते की नाही यावर घरात एकमत नाही.

पार्किंगची आखलेली चौकट अडीच बाय पाच मीटर. गाडी पाच मीटरच्या वर. त्यामुळे मागे भिंतीला चिकटवली तरी नाक पांढऱ्या रेघेबाहेर येतं. त्या वीतभर नाकावर सोसायटीच्या दोन मीटिंगा झाल्या आहेत. शेवटी खांबाजवळची, कोणालाच नको असलेली जागा मला मिळाली. तिथे शिरायला तीनदा मागेपुढे करावं लागतं आणि समोरचे काका दर वेळी बाल्कनीतून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणतात. त्यांना तिथून काहीही दिसत नाही.

पण खरा छळ रस्त्यावर होता. एवढी उंच, दणकट गाडी म्हणजे ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या खड्ड्यांवरून हत्तीसारखी झुलत जाईल, अशी माझी कल्पना. प्रत्यक्षात ती माकडासारखी उडत होती. गायमुखच्या घाटात तर मागे बसलेल्या आईने पदराने तोंड दाबून धरलं. पुढचं चाक खड्डा पचवायचं, मागचं मात्र थाडकन आपटायचं, आणि पाठोपाठ खालून म्हाताऱ्या दारासारखी "कुईंऽ" अशी तान. एका चकचकीत सर्व्हिस सेंटरने शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलून दिले. बिल बघून मीच आपटलो. गाडी पूर्वीइतकीच आपटत राहिली.

मग कोणीतरी बाळकुमच्या मिस्त्रींकडे पाठवलं. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. मागे गेले, फळीवर हात टेकून दोनदा गाडी दाबली, रिकाम्या हौद्यात डोकावले आणि म्हणाले, "साहेब, हिला काही झालेलं नाही. तुम्ही हिला उपाशी फिरवताय."

मग मला खाली उकिडवं बसवून त्यांनी कमानपाटे दाखवले. मोटारीला मागे स्प्रिंगची गुंडाळी असते, हिला एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. सगळ्यांत लांब पाटा वर, त्याखाली आखूड, त्याखाली त्याहून आखूड, आणि तळाला एक जाड, सरळसोट पाटा. ओझं पडलं की कमान सपाट होत जाते, पट्ट्या एकमेकींवर घासतात आणि त्या घासण्यात धक्का जिरतो. तळाचा जाड पाटा तर वजन आल्याशिवाय कामालाच लागत नाही. हौदा रिकामा असेल तर ही सगळी पैलवान मंडळी नुसती ताठ उभी. खड्डा आला की तो धक्का न वाकता थेट वर पाठवतात, माझ्या आईच्या कमरेपर्यंत. कुईं आवाज पाट्यांमध्ये बसलेल्या वाळलेल्या चिखलाचा होता. पाण्याच्या फवाऱ्याने तो काढून टाकल्यावर तान बंद झाली.

"टायरमध्ये हवा किती?" त्यांनी विचारलं. पंपावरचा पोरगा मोठी गाडी बघून चाळीस मारायचा आणि मीही अभिमानाने मारू द्यायचो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतं. रिकाम्या गाडीला किती हवा, भरलेल्या गाडीला किती, सगळं त्यावर लिहिलेलं. इतके दिवस त्या स्टिकरला गुडघा घासून मी चढत-उतरत होतो. हवा कमी केली, मागच्या चाकांच्या अगदी वर येतील अशा वाळूच्या तीन पिशव्या हौद्यात बांधून ठेवल्या. परत येताना माजिवड्याच्या पुलाच्या जोडांवरून गाडी चक्क माणसासारखी गेली. पावसात रिकामं शेपूट हलकं राहून मागची चाकं सटकायची, तेही पुष्कळ कमी झालं.

तेव्हापासून दर दोन महिन्यांनी एक रविवार मी मिस्त्रींकडे काढतो. ग्रीसिंग मला फार आवडतं. इंजिनातली ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा असतो, त्याच्या टोकांना क्रॉस असतात. तिथे मटारच्या दाण्याएवढी निपल. फडक्याने ती पुसायची, गन टेकवायची आणि दाबत राहायचं. आधी काही होत नाही. मग फटीतून काळंकुट्ट, रेती मिसळलेलं जुनं ग्रीस किड्यासारखं वळवळत बाहेर येतं. आणखी दाबलं की त्याचा रंग बदलतो, आणि मागून मधासारखं नवं ग्रीस डोकावलं की थांबायचं. ऑफिसमध्ये दिवसभर काम करून नवं कुठून सुरू झालं आणि जुनं कुठे संपलं हे कधी कळत नाही. इथे कळतं.

फोर-बाय-फोरची गंमत निराळी. मी आधी ते सतत लावून ठेवायचो. पैसे दिलेत तर वापरावं, हा आपला हिशेब. एकदा पाऊस थांबल्यावर तसाच बेसमेंटमध्ये वळलो, तर गाडी अडखळायला लागली, टायर किंचाळले, आणि काका बाल्कनीतून खाली धावत आले. माझ्या गाडीत फोर-एच, म्हणजे चारही चाकांचा जलद गिअर, लावलं की पुढचा आणि मागचा दांडा एकमेकांना बांधले जातात, दोघे एकाच वेगाने फिरतात. वळताना मात्र पुढच्या चाकांना लांबचा फेरा पडतो. चिखलात चाक थोडं घसरून ते भांडण मिटवतं. कोरड्या लादीवर घसरायला वाव नाही, मग ताण सगळा गिअरांवर. डांबरी रस्त्यावर टू-एच, म्हणजे फक्त मागची दोन चाकं, हे मला बेसमेंटच्या लादीने शिकवलं.

मात्र महिन्यातून एकदा ते वापरायला हवं, नाहीतर आतलं तेल एका जागी बसून राहतं, असं मिस्त्रींचं म्हणणं. घराच्या पाठीशी येऊर आहे, पण ते राष्ट्रीय उद्यान. तिथे चाकांनी डांबर सोडायचं नाही. म्हणून आम्ही मुरबाडच्या पलीकडे, ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या वाटेवर जातो. पहिल्याच पावसाळ्यात तिथे रुतलो. टायरच्या खाचा चिकणमातीने भरल्या आणि चारही चाकं पोळपाटासारखी गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरली. फोर-एलमध्ये, म्हणजे चारही चाकांच्या सावकाश गिअरमध्ये टाकलं, तर तीच चाकं तितकीच निरर्थक, पण जास्त सावकाश फिरली. शेवटी ट्रॅक्टरने ओढलं. पैसे विचारले तर ते दादा हसले, हौद्यात बघून म्हणाले, "एवढी गाडी आणि रिकामीच आणलीत?" मग त्यांच्यासोबत बाजारात जाऊन युरियाच्या पाच गोण्या आणल्या. पंचेचाळीस किलोची एक, म्हणजे सव्वादोनशे किलो. हवाही थोडी उतरवली होती. त्याच वाटेवरून, त्याच चिखलातून, फोर-एचमध्ये गाडी काहीही न बोलता वर चढली.

गावभर बातमी पसरावी तशी आता नातेवाइकांत पसरली आहे. कोणाचा फ्रिज, कोणाचं कुंड्यांचं खत, कोणाचा गणपतीचा मखर. मी सुरुवातीला कुरकुरायचो. नकोच म्हणायचं तर कारण काय सांगणार, हौदा तर सगळ्यांना दिसतो.

मागच्या महिन्यात आत्याचा फोन आला. नौपाड्यातली तिची इमारत पुनर्विकासाला गेली, तात्पुरतं घर कासारवडवलीला. बरंचसं सामान टेम्पोने गेलं होतं. उरलं होतं ते टेम्पोवाल्याने न्यायला नकार दिलेलं: जातं, पाटा-वरवंटा, तांब्याचा बंब आणि भांड्यांची लोखंडी ट्रंक. वाळूच्या पिशव्या खाली उतरवून ते सगळं चढवलं. जात्याची वरची तळी धरताना बोट चेंगरलं.

आत्या पुढे बसली. तीन हात नाक्यापर्यंत इमारतीतल्या लोकांची नावं घेत होती: कोण डोंबिवलीला गेलं, कोण मुलाकडे पुण्याला. माजिवड्याला गप्प झाली. मेट्रोच्या खांबांखालून, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ असे एकेक थांबे रांगत होतो, खड्डे होतेच. मागे वळून पाहिलं तर जातं जागचं हललं नव्हतं. बाजूला पाहिलं तर आत्याचं डोकं काचेला टेकलेलं, तोंड किंचित उघडं, झोप लागलेली. कासारवडवलीच्या सिग्नलला जागी झाली आणि म्हणाली, "आलो का? छान आहे रे तुझा टेम्पो, अजिबात हलत नाही."

नव्या घरातल्या ओट्याखाली पाटा मावला नाही. "जागा होईपर्यंत राहू दे तुझ्याकडे," असं आत्या म्हणाली. तो आणि वरवंटा अजून हौद्यातच आहेत, गोणपाटात गुंडाळलेले. वाळूच्या पिशव्या आता तीनऐवजी दोनच ठेवतो.