तुम्ही विचारलेत म्हणून: नाताळच्या टेबलावरची बुटकी आरास

नाताळच्या दिवशी इंदूरच्या आमच्या घरी जेवायला येणाऱ्यांपैकी कोणीतरी दरवर्षी विचारतेच: टेबलाच्या मधोमध असलेली ही आरास तुम्ही घरी कशी करता, आणि ती एवढी बुटकी का? हॉटेलांतील उंच फुलदाण्या पाहिलेल्यांना माझे काम अर्धवट राहिल्यासारखे वाटत असावे.

उंचीचे आधी सांगते. पंगतीत ज्याच्या त्याच्या पानाभोवती ज्याची त्याची महिरप असते आणि ती जमिनीलगत असल्यामुळे कोणाच्या आड येत नाही. टेबलावर मात्र आरास सगळ्यांची मिळून एकच असते आणि ती समोरासमोर बसलेल्यांच्या बरोबर मध्ये येते. म्हणून मी कोपर टेबलावर टेकवून हात उभा धरते आणि मनगटाच्या वर एकही डहाळी जाऊ देत नाही. लांबीला टेबलाचा एक तृतीयांश भाग पुरतो. बाकीची जागा पुलावाच्या पातेल्याची.

पाइनऐवजी मी मोरपंखी वापरते, जिची पाने शाळेत असताना आपण ‘विद्या’ म्हणून पुस्तकात जपून ठेवत होतो. पितळी परातीत एक पसरट वाडगा ठेवून त्यात कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीचा चेंडू चुरगळून बसवायचा, पाणी भरायचे, आणि देठ तिरके कापून, पाण्यात बुडणारा पाला काढून डहाळ्या खोचायच्या. रोज पाणी बदलले तर आठवडाभर हिरवेपणा टिकतो. तांबडेपणासाठी शेजारी पॉइन्सेटियाची लहान कुंडी ठेवते. त्याचा दांडा कापला की दुधासारखा चीक गळतो, म्हणून कापत नाही. त्याची लाल दिसतात ती फुले नसून पाने असतात आणि ती रंगायला लांब, अखंड काळोखी रात्र लागते. माझी पहिली कुंडी गॅलरीतल्या ट्यूबलाइटखाली डिसेंबरभर हिरवीगार उभी राहिली, तेव्हा मला ते कळले.

सर्वांत जास्त वेळ लवंगा टोचलेल्या फळांना लागतो, आणि मला आवडते तेही तेच काम. सियागंजातून आणलेल्या लवंगांपैकी टोपी शाबूत असलेल्या वेचून घ्यायच्या. संत्र्याची साल सुटी असते, ती लवंगेबरोबर सरकते आणि फळ बसते. मोसंबीची साल गराला घट्ट धरून असते. लवंग अंगठ्याने दाबली तर देठ मोडतो आणि अंगठाही सोलवटतो, म्हणून दाभणाने आधी भोक पाडायचे. ओळी सरळ येण्यासाठी मी फळाभोवती दोरा बांधून त्याच्या कडेने जाते. एका मोसंबीला तास सहज लागतो, पण संध्याकाळी सगळ्या घराला त्याचा वास असतो.

मेणबत्त्या चार असतात, नाताळाआधीच्या चार रविवारांच्या. ही रीत जर्मनीतली आहे: 1839 मध्ये हॅम्बुर्ग येथे योहान हिनरिख विखर्न यांनी आपल्या आश्रमातील मुलांना नाताळ किती दिवसांवर आला ते मोजता यावे म्हणून गाडीच्या चाकावर रविवारांच्या चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या आणि इतर दिवसांच्या छोट्या लाल मेणबत्त्या लावल्या होत्या. आमच्या चार मेणबत्त्या काचेच्या पेल्यांत, वाळूत रोवलेल्या असतात, त्याला मात्र घरचे कारण आहे. आई परातीत कापसाचा बर्फ पसरत असे. एका वर्षी जेवणाच्या भरात बुटकी झालेली मेणबत्ती कोणाच्या लक्षात आली नाही, ज्योत कापसाला लागली आणि भाऊ पाण्याचा तांब्या रिता करीपर्यंत अर्धी आरास काळी पडली. तेव्हापासून बर्फ बंद. सुगंधी मेणबत्तीही नको. तिचा वास रश्शाच्या वासाशी भांडतो.

फुलवाल्यांकडचा हिरवा स्पंज का वापरत नाही, असेही काही जण विचारतात. तो प्लॅस्टिकच्याच जातीचा असून चुरा होत जातो, आणि डहाळ्यांचे तुकडे त्यात अडकून बसले की कचरा निवडताना पंचाईत होते. आमच्याकडे 26 तारखेला सकाळी कचऱ्याची गाडी गाणे वाजवीत येते तेव्हा मोरपंखी ओल्या कचऱ्यात जाते, जाळी धुऊन माळ्यावर आणि सुकू लागलेल्या मोसंब्या उन्हात ठेवून पुढे शालींच्या कपाटात.