रोहित बघायला गेले आणि निवट्या घेऊन आले

नाशिकजवळच्या नांदूरमधमेश्वर पक्षी अभयारण्यात फोटो काढायचे तर घड्याळ सूर्याचं. अंधारातच नाशिक सोडायचं, उजाडताना खानगाव थडीच्या मनोऱ्यावर असायचं आणि ऊन चढलं की कॅमेरा बॅगेत. गोदावरी-कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्याचं पाणी काही दिवसातून दोनदा येत-जात नाही. ठाण्याच्या खाडीत मात्र सूर्याला विचारतंय कोण! तिथे घड्याळ भरती-ओहोटीचं.

"रोहित (फ्लेमिंगो) आपल्याकडेही येतात की कधीमधी, त्यासाठी ऐरोलीपर्यंत कशाला?" ह्यांचा प्रश्न रास्त होता. येतात, पण थोडे, आणि बरेच लांब उभे राहतात. खाडीत थवेच्या थवे असतात. 2015 साली ते क्षेत्र रोहित पक्ष्यांचं अभयारण्य म्हणून जाहीर झालं ते त्यांच्याचमुळे.

भरतीची वेळ मी मोबाइलवर शोधत होते, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं, तिथी बघ आणि पाऊणपट कर." त्यांचं माहेर दापोलीचं. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा. भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, त्याचं हे तोंडी गणित. आम्ही पौर्णिमा धरली. पंचवटी एक्स्प्रेसने कल्याण, पुढे लोकलने ठाणे आणि ऐरोली, तिथून बोटीने खाडीत.

सव्वाअकराचं ऊन म्हणजे फोटोग्राफरच्या दृष्टीने टाकाऊ माल. त्यात खाली चकाकणारं पाणी आणि समोर पांढरे-गुलाबी पक्षी. एक्स्पोजर उणे, म्हणजे फोटो थोडा गडद, केल्याशिवाय पिसांचा तपशील उरतच नाही, नुसते पांढरे डाग. बोट थरथरते, म्हणून ट्रायपॉड निरुपयोगी. शटरचा वेग 1/2000 सेकंदाच्या वर ठेवून हातातच लेन्स धरायची. लहान रोहित आणि मोठा रोहित शेजारी उभे असले की उंचीपेक्षा चोच बघावी: लहानाची काळपट लाल, मोठ्याची गुलाबी आणि टोकाला काळी. नावाड्याने इंजिन बंद केलं तेव्हा चोच उलटी करून पाणी गाळणारे काही लहान रोहित बऱ्यापैकी मिळाले. थवा उडाला त्याचे फोटो मात्र सगळ्यांकडे असतात तसेच. विजेच्या टॉवरसकट.

खरी मजा ओहोटी लागल्यावर. जेट्टीजवळ तिवरांच्या मुळांशी चिखल उघडा पडू लागला आणि त्यावर निवट्या सरपटायला लागल्या. मासाच, पण पुढच्या परांवर रेटा देत चालतो. डोळे डोक्यावर, बेडकासारखे. मधेच एक डोळा आत खेचतो, ओला करून परत बाहेर काढतो. दोन निवट्या समोरासमोर आल्या की पाठीवरचा पर ताठ, तोंडं उघडी, आणि मग एकाची माघार. मी जेट्टीवर पालथी पडून लेन्स त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला आणली. कुडत्याचं काय झालं ते विचारू नका.

नावाडीदादा वरून बघत होते. "ताई, नाशकाहून रोहितांसाठी आलात आणि निवट्यांचे फोटो काढताय? यांचं कालवण खाऊन बघा एकदा."

म्हटलं, "खाईन दादा, आधी हिचा डोळा फोकसमध्ये येऊ दे."